आजोळचा वाडा उतरवायच्या आधी: जुन्या नाशकातल्या एका घराचं प्रकरण

माझं आजोळ जुन्या नाशकात, तिवंध्याकडून खाली भांडी बाजाराकडे उतरतात त्या भागात. गल्लीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण मालक-भाडेकरू वाद अजून पूर्ण मिटलेला नाही आणि दोन्हीकडची माणसं माझीच आहेत. धोकादायक इमारतीची नोटीस, महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची, वाड्याला दर पावसाळ्याआधी लागायची आणि चौकटीवर चिकटून चिकटून पावसातच विरघळून जायची. मागच्या वर्षी मात्र मागच्या चौकातला जिना बसला, कोणाला लागलं नाही हे नशीब, आणि मामांनी ठरवलं की आता वाडा उतरवायचा.

त्यांचा फोन आला, "अगं तू आर्किटेक्ट ना, हे जायच्या आधी याचा इतिहास नीट लिहून काढ. तीनशे वर्षांचा पेशवेकालीन वाडा आहे, पुढच्या पोरांना कळायला पाहिजे." मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी टेप आणि वही घेऊन गेले तर मागच्या दोन खोल्यांतल्या काकू दारात उभ्या. त्या लग्न होऊन याच वाड्यात आल्या, भाडेकरू म्हणूनच सगळा जन्म इथे गेला. म्हणाल्या, "बाळा, आमचं पण येईल ना गं त्यात?" मी म्हटलं, येईल की काकू. तेव्हा ते बोलायचं म्हणून बोलले होते, पुढचे तीन महिने मात्र त्या एका प्रश्नानेच काम कुठून कुठे नेलं. जुन्या नाशकात आणि पंचवटीत असे वाडे एकामागून एक उतरतायत, घरच्यांनी काय बघून ठेवायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी घर सांगते. रस्त्याकडून काळ्या दगडाचं जोतं, पायऱ्या, ओटा, मग दिंडी, म्हणजे दारातलं छोटं दार, असलेला मोठा दरवाजा, त्याला आतून अडसर. आत ओसरी, चौक, चौकाच्या तीन बाजूंनी पडवी, पलीकडे माजघर, देवघर, उजेड न येणारी बाळंतिणीची खोली, आणि त्याच्यामागे छोटा चौक, आड, मागचं दार. वर रस्त्याच्या बाजूला लोखंडी गजांची गॅलरी. लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं त्या गॅलरीत ओळीने झोपायचो.

घरात तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जायच्या. एक, वाडा पेशव्यांनी आमच्या पूर्वजाला दिला. दोन, देवघराखालून भुयार आहे ते थेट सरकारवाड्यात निघतं. तीन, चौकातली कोरीव तुळई तेव्हापासून तशीच आहे. नाशकात हे खरं वाटायला कारणंही भरपूर आहेत, सरकारवाडा पेशव्यांचा, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठावर नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, सुंदरनारायण १७५६ चं, पलीकडे पंचवटीत ओढेकर सरदारांनी बांधलेला काळाराम, आनंदवलीला राघोबादादांचा वाडा. अशा गावात जुनं दार दिसलं की माणूस पेशवेकालीन म्हणून मोकळा होतो. मीही तेच केलं, त्याचं पुढे सांगते.

सुरुवात कागदांपासून केली. सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढलं. त्यावर नंबर, क्षेत्र, मूळ धारकाचं नाव आणि फेरफार एवढंच असतं, म्हणजे जागा कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली ते कळतं पण बांधलं कधी ते कळत नाही. हे खूप जणांना माहीत नसतं, कार्डावरची पहिली नोंद म्हणजे घराचा जन्म असं समजतात. ती पहिली नोंद म्हणजे मोजणीवाले आले तेव्हा तिथे कोण होतं, बस. त्यापेक्षा चौकशी नोंदवहीचा उतारा कामाचा, कारण चौकशीच्या वेळी घरातल्यांनी हक्काबद्दल काय सांगितलं ते त्यात लिहिलेलं असतं. आमच्या उताऱ्यात पणजोबांनी वडिलोपार्जित एवढंच सांगितलंय. इनामाचा शब्द नाही. इनाम असतं तर पणजोबांनी ते सांगितलंच असतं, मिशीला पीळ देऊन सांगितलं असतं, मी त्यांच्याबद्दल जे ऐकलंय त्यावरून खात्रीने सांगते.

मग माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडी कागदांचं बासन निघालं. मोडी वर्गात शिकलेला एक मुलगा मदतीला आला, तीन रविवार बसलो. बरेचसे हातउसने व्यवहार, एक वाटणीपत्र, आणि एक गहाणखत ज्याची वरची बाजू कसरीने खाल्लेली, तारीख गेलेली. पण कागद स्टँपचा होता आणि छाप शाबूत. छापावर राणीचं डोकं नाही, दाढीवाला राजा. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली, तिच्यानंतर सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, मग पाचवा जॉर्ज. दाढी दोघांनाही, म्हणून भिंग लावून नाव वाचलं तर एडवर्ड. म्हणजे कागद १९०१ च्या आधीचा असूच शकत नाही. आणि आत लिहिलेलं काय, तर रस्त्याकडील जुने घर मोडकळीस आले ते काढून नवे बांधणेकामी रुपये घेतले. त्या मुलाने हे वाचून दाखवलं तेव्हा मी दोनदा वाचायला लावलं. आमची गॅलरी, दिंडी दरवाजा, ओसरी, सगळा पुढचा भाग सावकाराच्या कर्जातून, इंग्रजांच्या राज्यात बांधलेला.

पेशव्यांच्या गोष्टीचं काय, ते पंचवटीत कळलं. आमचं मूळ गाव निफाडकडचं. नाशकातल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात, कोणत्या गावचं कोणतं घराणं कधी तीर्थाला आलं, कोणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं, सगळं यजमानांच्या तोंडून लिहून घेतलेलं. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. आमच्या गुरुजींनी बाड उघडलं, बोटाने ओळी मोजत गेले आणि म्हणाले, हे बघा, इथपर्यंत तुमचे लोक गावाहून येतात, आणि इथे आता लिहिलंय हल्ली वस्ती नाशिक. त्या ओळीवरचा शक घेतला, त्यात ७८ मिळवले, तर साल इंग्रजी अमलातलं निघालं, १८१८ च्या बरंच नंतरचं. पेशवाई बुडाली तेव्हा आमचं घराणं नाशकात राहतच नव्हतं! वाडा द्यायला पेशवेच उरले नव्हते. नामावळीतली ती ओळ, मूळ गावाचं नाव आणि पुढे हल्ली वस्ती नाशिक, मला अख्ख्या कामात सगळ्यात जास्त भिडली, कारण कोणीतरी गाव सोडून गंगेकाठी राहायला आलं ते तिथे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

आता माझी चूक. कागद लागायच्या आधीच, पहिल्याच आठवड्यात, मी चौकातली तुळई बघून मामांना सांगून टाकलं होतं की कोरीवकाम पेशवेकालीन धाटणीचं आहे. कमळं, केळफुलं, सुरुदार खांब. मामांनी ते फोटोसकट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, पुण्याच्या मावशीपासून अमेरिकेतल्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी हात जोडले. नंतर शिडी लावून तुळई जवळून बघितली तर तिच्या एका कुशीला चार खाचा, रिकाम्या, सारख्या अंतरावर. त्या खाचांत बसेल असं आमच्या चौकात काहीच नाही. लगा, म्हणजे छताच्या आडव्या कड्या, दुसरीकडेच टेकलेल्या. एका टोकाला तर कोरलेलं कमळ अर्धं कापून तुळई भिंतीत घातलेली. म्हणजे ती दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या घरातली, तिथून काढून, लांबी कमी करून इथे बसवलेली. सागवान तेव्हाही महाग, मोडलेल्या वाड्याचं लाकूड दुसऱ्याच्या घरात जायचंच. लाकूड जुनं असेल, त्यावरून घराचं वय काढणं चूक. मी शिकलेली असून केली ही चूक, आणि ग्रुपवर परत लिहून ती दुरुस्त करायला मला दोन दिवस धीर होत नव्हता.

त्यानंतर मी घर तुकड्या-तुकड्याने बघायला लागले. गॅलरीखाली लोखंडी गर्डर आहेत, त्यावर ऑइलपेंटचे थर, ते खरवडले तर अक्षरं वर आली, डॉर्मन लाँग, मिडल्सबरो. ही कंपनीच १८७५ ची, इंग्लंडातली. गहाणखताशी बरोबर जुळलं. छपराची मंगलोरी कौलं उलटी करून बघितली, मागे कारखान्याचा शिक्का असतो, मंगलोरला अशा कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनवाल्यांनी १८६५ साली काढला, म्हणजे आपल्याकडे कुठल्याही घरावर अशी कौलं दिसली तर ते छप्पर त्यानंतरचं. फक्त छप्पर हं, भिंती आधीच्या असू शकतात, कारण नळीची कौलं काढून मंगलोरी घालायचं काम कितीतरी घरांनी केलं. पुढच्या भागात यंत्राचे गोल खिळे, मागच्या माजघराच्या कडीपाटात लोहाराने ठोकलेले चौकोनी, डोकं वेडंवाकडं असलेले. पुढे नऊ इंची वीट, मागे पातळ चपटी वीट आणि दगड-मातीची दोन हात जाड भिंत. एका छपराखाली निदान दोन घरं, मागचं आधीचं आणि पुढचं कर्जातलं, आणि दोघांना जोडणारी एक परकी तुळई.

भुयाराचं थोडक्यात सांगते. देवघराची फरशी उचलली, खाली दगडी तोंड, आत उतरायला जागा, सगळे श्वास रोखून. बॅटरी मारली तर चारी बाजूंनी बंद, आतून शेणामातीने लिंपलेलं, तळाशी कुजलेला भुसा. धान्याचं बळद, म्हणजे धान्य साठवायची बंदिस्त जागा. मामा बराच वेळ तोंडाशी बसून राहिले, काही बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांनी त्यांना भुयाराची गोष्ट सांगितलेली होती.

इथपर्यंत मी जे लिहून काढलं होतं ते सगळं मालकांचं होतं. बांधलं कोणी, पैसे कोणाचे, वाटण्या कशा झाल्या. काकूंच्या खोल्यांचा फक्त प्लॅन काढला होता, नऊ बाय अकरा आणि सात बाय अकरा. त्या दिवशी त्यांनी चहा दिला आणि साखर काढायला भिंतीतलं फडताळ उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं. वरपासून खालपर्यंत. दुधाचा हिशोब, रॉकेल कधी आणलं, गॅस कधी लागला, शाळेची फी, कोणाचा ताप किती. मध्येच एक ओळ, मुलगा, पहाटे, साडेपाच. खाली अक्षर बदलतं, ते त्यांच्या सासूबाईंचं, शाई आणि टाक, पाण्याची पाळी आणि भाडे दिले. त्या सासूबाईंना मोजकंच लिहिता यायचं, पण भाडे दिले हे त्या न चुकता लिहायच्या. मी चहा खाली ठेवला आणि फोटो काढायला लागले, काकू म्हणाल्या, "अगं ते काय, पुसायचं राहिलंय."

मग त्यांच्याकडून सगळ्या खोल्यांची माणसं लिहून घेतली. एकेकाळी वाड्यात सात बिऱ्हाडं होती. ओट्यालगतच्या खोलीत तांबट राहायचे, म्हणून तिथल्या फरशीला मधोमध वाटीएवढा खळगा पडलाय आणि कडीपाट काजळीने इतका काळा की चुना टिकत नाही. मी तो खळगा प्लॅनवर खराब फरशी म्हणून लिहून ठेवला होता! काकू म्हणाल्या, "खराब कशाने, तिथे हंडे घडलेत." सकाळी ठोके सुरू झाले की पोरं उठायची, वेगळा गजर लागायचा नाही. रंगपंचमीला तिवंध्याची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, उघडली की सगळी पोरं धप्पा मारून, म्हणजे त्यात उडी घेऊन, यायची आणि चौकाच्या पुढे कोणालाच घेत नसत, आडावरच ओळीने उभं करून पाणी ओतायचे, मालकाचा मुलगा असो की भाडेकरूचा. त्या ओळीत मामाही असायचे.

पुराच्या खुणा पण त्यांनीच दाखवल्या. ओसरीच्या खांबावर कोयत्याने मारलेली एक आडवी रेघ, ती १९६९ च्या सप्टेंबरातल्या पुराची. आपल्याकडे पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजायची सवय, मारुतीच्या कमरेला आलं, गळ्याला आलं, पण या घरात पाणी खांबावर मोजायचे. खालच्या रेघा खडूच्या, २००८ ची, २०१६ ची, २०१९ ची. १९६९ ला माळ्यावर सातही बिऱ्हाडं एकत्र होती आणि मालकांच्या चुलीवर सगळ्यांची खिचडी झाली, हे मामांनाही आठवत होतं, फक्त त्यांनी ते मला वाड्याचा इतिहास म्हणून सांगितलं नव्हतं.

हे ऐकल्यावर साहजिक विचारलं जातं की मग इतकी वर्षं कोणी दुरुस्ती का नाही केली. मालक म्हणतात भाडं किती ते बघा, भाडेकरू म्हणतात मालकाला आम्हाला घालवायचंय. याचं मूळ बऱ्याच अंशी कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं गोठवलं, आधार धरला १ सप्टेंबर १९४० चा. तेव्हा युद्धाची आणि नंतर फाळणीची टंचाई होती, भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, ते नसतं तर काकूंच्या सासूबाई कुठे गेल्या असत्या. पण भाडं पन्नास वर्षं तिथेच राहिलं आणि कौलं, चुना, सुताराची मजुरी कुठल्या कुठे गेली. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण चार टक्के कशावर, तर त्याच जुन्या आकड्यावर. तेवढ्यात एका खणाची कौलं पण बदलून होत नाहीत. मी दोन्ही बाजूंच्या पावत्या आणि बिलं बघितली आणि मला कोणीच लबाड वाटलं नाही, हे मी मामांनाही सांगितलंय आणि काकूंनाही.

वाद पेटला तो माझ्या प्लॅनवरून. इतिहासासाठी म्हणून मी प्रत्येक खोलीचं माप घेऊन, कोणत्या खोलीत कोण, असं नावांसकट लिहिलं होतं. काकूंच्या मुलाने त्याची कॉपी मागितली, मी दिली. मामा भडकले, घरची मुलगी असून भाडेकरूला पुरावा देतेस म्हणाले, पंधरा दिवस फोन घेतला नाही. मला वाईट वाटलं, पण कॉपी मी परत मागितली नाही. इमारत पाडली म्हणजे भाडेकरू आपोआप बाहेर, असा समज जुन्या गावठाणात सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. सांगलीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१४ साली स्पष्ट सांगितलंय की इमारत पाडली गेली तरी एवढ्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. आणि वाडा एकदा खाली आला की कोणाची खोली किती होती हे सांगायला मापं, फोटो आणि माणसांच्या आठवणी एवढंच उरतं. म्हणून उतरवायच्या आधी मोजणी करून दोन्ही बाजूंनी प्रत्येक पानावर सह्या कराव्यात, मालकाच्याही फायद्याचं आहे ते, नंतर नऊ बाय अकराचे बारा बाय पंधरा होत नाहीत. आमच्याकडे शेवटी तेच झालं, एका ओळखीच्या वकिलांसमोर, त्याच ओसरीवर बसून. पहिल्या पानावर मामांनी सही केली, दुसऱ्या पानाला पेन काकूंकडे देताना म्हणाले, "वहिनी, एकोणसत्तरची खिचडी आठवते का?" वाद तेवढ्याने मिटला नाही, नव्या इमारतीतल्या जागेवर बोलणी अजून चालूच आहेत, पण फोन सुरू झाले.

उतरवताना प्रत्येक लाकडावर रंगाने नंबर घातले आणि तेच नंबर प्लॅनवर टाकले, हे ज्यांचा वाडा उतरायचाय त्यांनी जरूर करा, रंगाचा एक डबा आणि एक दिवस लागतो, नाहीतर वखारीत गेलेली तुळई कुठली होती हे महिन्याभरात कोणी सांगू शकत नाही. तुळई मामांनी ठेवून घेतली. कौलांपैकी दहा शिक्क्यांची, दोन चौकोनी खिळे, गर्डरचा अक्षरांचा तुकडा माझ्याकडे आहे. खळगा पडलेली फरशी फुटू न देता निघाली. फडताळाचं दार काकूंनी मागितलं, ते त्यांच्या मुलाच्या सिडकोतल्या फ्लॅटवर गेलं, गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलंय.

लिहून झाल्यावर छापलेली प्रत आधी मामांना दिली, मग सिडकोला जाऊन काकूंना वाचून दाखवली. पेशव्यांचं वगळलंय म्हणून मामांनी थोडा चेहरा पाडला होता, तरी त्यांनी नामावळीतल्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं, मग स्वतःच्या खोल्यांचा प्लॅन हातात घेऊन बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "दाराच्या डाव्या हाताला पाण्याचं पिंप होतं आमचं, तांब्याचं. पुढच्या खोलीतच घडलेलं. ते नाही दाखवलं तू." मी पेन्सिल घेतली, तिथे गोल काढला. व्यास विचारला तर त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवला, मी टेपने तेवढं अंतर मोजलं आणि गोलाशेजारी लिहिलं.